विकणे आहे

जुलै २०२३मध्ये नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक कागद डकवलेला दिसला. ‘विकणे आहे’ ही आपल्याकडच्या भिंतींची जुनी भाषा. प्लॉट विकणे आहे, जुना ट्रॅक्टर विकणे आहे, गाभण म्हैस विकणे आहे. या कागदावर किडनी विकायला काढली होती. तीही एक नव्हे, एकाच घरातल्या पाच. खाली मोबाइल नंबर. कुटुंब मुदखेड तालुक्यातलं. त्यांचं म्हणणं असं, की घरच्या कर्त्या माणसाला साप चावला, दवाखान्यासाठी खासगी सावकाराकडून दोनेक लाख काढले, ते काही केल्या फिटेनात, तगादा वाढत गेला आणि शेवटी गाव सोडायची वेळ आली.

मुदखेड त्याच जिल्ह्यातल्या भोकरच्या शेजारचंच. आदिलाबादला जाणारा रूळ मुदखेडला फुटतो आणि भोकरवरून पुढे तेलंगणात शिरतो. विधानसभेच्या नकाशात तर भोकर, मुदखेड, अर्धापूर मिळून एकच मतदारसंघ. २००९ साली अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना इथूनच निवडून आले होते. मुंबईची वाट ठाऊक नसलेला हा मुलूख नाही. तरी त्या कुटुंबाला आपलं गाऱ्हाणं मांडायला जाहिरातीचा मजकूर लागला. साधा अर्ज वाचला जात नाही, किडनीची जाहिरात वाचली जाते, एवढं त्यांना कळलेलं होतं.

कायद्याने ही जाहिरातसुद्धा गुन्हा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम १९ पैसे घेऊन अवयव द्यायची तयारी दाखवणाऱ्यालाही धरतं आणि तशी जाहिरात लावणाऱ्यालाही. १९९४च्या मूळ कायद्यात त्याला दोन ते सात वर्षं कैद आणि दहा ते वीस हजार दंड होता. २०११च्या दुरुस्तीने कैद पाच ते दहा वर्षं केली आणि दंड वीस लाख ते एक कोटी. ही रक्कम डॉक्टर-दलालांना जरब बसावी म्हणून ठरवलेली, हे उघड आहे. पण अक्षरावर बोट ठेवलं, तर दोन लाखांपायी कागद चिकटवणाऱ्यालाही कमीत कमी वीस लाखांचा दंड. इतकं देणं तर सावकारानेही काढलेलं नव्हतं.

आपली किडनी आपण विकली तर सरकारचं काय जातं, हा प्रश्न वरकरणी आधुनिक वाटतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो ‘शरीरावरचा हक्क’ म्हणून शिकवतात. आपल्याकडे तो कसा येऊन पोचला, ते पाहायचं तर आधी मुंबईला जावं लागतं.

किडनी बदलायचा देशातला पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये झाला. यश यायला १९७१ उजाडावं लागलं, आणि ते आलं वेल्लोरला. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं हा मामला घरातला होता. परक्याचं मांस शरीर ओळखतं आणि फेकून देतं. म्हणून आई, भाऊ, बहीण अशी रक्ताची माणसंच देणारी. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरीन नावाचं औषध आलं. त्याने शरीराचा विरोध इतका दडपला, की कुणा अनोळखी माणसाची किडनीही टिकू लागली. नात्याची अट औषधाने सैल केली आणि त्या मोकळ्या जागेत पैसा येऊन बसला.

विक्रीला मनाई करणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. मुंबईत खासगी रुग्णालयं होती, कुशल सर्जन होते, झोपडपट्टी होती आणि विमानाने दोन-तीन तासांवर आखाती देश होते. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधून मुंबईत येऊन किडनी विकत घेऊन गेलेल्या सुमारे १३० रुग्णांचा हिशेब १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वर्षभरात त्यांतला जवळपास पाचातला एक दगावला होता, काहींना एचआयव्हीची लागण झाली होती. त्या लेखाने जगभर खळबळ उडाली, पण तो घेणाऱ्यांबद्दल होता. देणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते मोजायला अजून बारा वर्षं लागायची होती.

आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला असा कायदा परस्पर करता येत नव्हता. राज्यांनी ठराव करून मागावा लागत होता. तो मागणाऱ्या तीन राज्यांत गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र होते. ४ फेब्रुवारी १९९५पासून कायदा लागू झाला. मेंदू मृत झालेला माणूस मृत मानला गेला, म्हणजे त्याचे अवयव घरच्यांच्या संमतीने काढता येऊ लागले. आणि विक्री बंद झाली.

बंद झाली म्हणजे कागदावर. कलम ९मध्ये एक फट राहिली. नात्यात नसलेला माणूसही ‘प्रेम किंवा जिव्हाळ्यापोटी’ किडनी देऊ शकेल, फक्त प्राधिकार समितीची परवानगी हवी. मग मुंबई-मद्रासकडे जिव्हाळ्याला पूर आला. ड्रायव्हरांचा मालकावर, मोलकरणींचा शेठाणीवर जीव जडला. उलटा एकही जीव कधी जडला नाही. नव्वदीतच मुंबईत पोलिसांच्या हाती लागलेला संतोष राऊत पुढे अमित कुमार या नावाने गुडगावला किडन्यांचा तोच धंदा करत राहिला; २००८ साली तो नेपाळमध्ये पकडला गेला आणि २०१३मध्ये पंचकुल्याच्या न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. जिव्हाळ्यावर नजर कडक झाली, तेव्हा धंदा नात्यात घुसला. २०१६ साली पवईत आणि २०२२ साली पुण्यात, दोन्ही ठिकाणी मोठ्या रुग्णालयांत, कागदोपत्री ‘पत्नी’ असलेली बाई परकी निघाली. पुण्यातली बाई कोल्हापूरकडची होती. पंधरा लाख ठरले होते, ते मिळाले नाहीत, म्हणून तिनेच वाचा फोडली. पैसे चोख मिळाले असते तर ती बायकोच राहिली असती.

आता या गोष्टीचा दुसरा पदर. तो रुग्णालयात सुरू होत नाही, शेतात होतो.

२००५-०६मध्ये विदर्भात शेतकरी आत्महत्यांचा कहर चालू होता. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने अख्खं गाव विकायला काढलं. अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूरच्या लोकांनी ‘किडनी विक्री केंद्र’ उघडलं आणि त्याच्या उद्घाटनाला राष्ट्रपती, पंतप्रधानांना निमंत्रण धाडलं. हा उपहास होता आणि तो अस्सल वऱ्हाडी होता. त्या केंद्रात किडनी विकायची नव्हती, दाखवायची होती. वर्तमानपत्रांनी फोटो छापले.

दहा वर्षं गेली. डिसेंबर २०१५मध्ये अकोल्यात गुन्हा दाखल झाला आणि उपहासातली गोष्ट खरी निघाली. अकोला-बुलढाण्याकडच्या मजूर-शेतकऱ्यांनी खरोखर किडन्या दिल्या होत्या. कुणी नागपूर-औरंगाबादच्या वाटेने, कुणी थेट कोलंबोला जाऊन. शेतातून उठून ज्याने मुंबई पाहिली नाही, त्याचा पासपोर्ट निघाला होता. पुढच्याच महिन्यात, तेलंगणातलं तसंच एक प्रकरण फुटल्यावर, श्रीलंकेने परदेशी लोकांची प्रत्यारोपणं थांबवली. अकोल्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आरोप मात्र कोलंबोबद्दल नाही. तो असा, की वसुलीसाठी किडनीची वाट कर्जदाराला सावकारानेच दाखवली. दलाल आणि सावकार हे दोन वेगळे धंदे इथे एका पेढीवर आले.

‘विकणे आहे’ची पाटी पुन्हा वर आली ती २०२३मध्ये, मराठवाड्यात. त्या वर्षी पावसाने दगा दिला, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला. नांदेडच्या भिंतीवरला कागद जुलैतला. नोव्हेंबरात शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अवयवांचं दरपत्रकच दिलं. किडनी ७५ हजार, लिव्हर ९० हजार, डोळे २५ हजार. हे घ्या आणि आमचं पीककर्ज वळतं करा. मार्च २०२५मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, की ३१ मार्चच्या आत कर्जाचे पैसे भरा. तेव्हा वाशिमच्या बाजारात एक शेतकरी गळ्यात पाटी अडकवून फिरला. स्वतःची किडनी ७५ हजार, बायकोची ४० हजार, थोरल्या मुलाची २०, धाकट्याची १०.

या दरांकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. चोरबाजारातही किडनी रुग्णाला लाखांच्या घरात पडते, आणि विकणाऱ्याला निदान कबूल तरी लाखांतच करतात. मग ७५ हजार हा आकडा आला कुठून? आणि बायकोची किडनी नवऱ्याच्या जवळपास निम्म्याने स्वस्त का? हा किडनीचा बाजारभाव नाही. हा बैलबाजाराचा भाव आहे: मोठं जनावर जास्त, वासरू कमी. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करणारा हेडी ज्या नजरेने जनावर पाहतो, त्या नजरेने इथे बापाने घर पाहिलं. वाशिमच्या पाटीची बेरीज करा: एक लाख पंचेचाळीस हजार. त्याचं कर्ज लाखाच्या आसपासचं. घरातली चारही माणसं मिळून कर्ज फिटेल आणि वर पेरणीपुरतं उरेल, असा तो हिशेब. आकडा कर्जाकडून आला आणि किडनीवर चिकटला. हिंगोलीचं दरपत्रक, मुदखेडच्या पाच किडन्या, सगळीकडे हीच रीत.

आपल्या भागात ‘विक्री’ या शब्दाचा इतिहासच असा आहे. सावकार कर्ज देतो तेव्हा गहाणखत करत नाही. खरेदीखत करून घेतो. कागदावर शेत विकलं गेलेलं असतं, तोंडी ठरलेलं असतं की पैसे फिटले की परत फिरवू. शेकडा पाच, शेकडा दहा असं महिन्याचं व्याज चढत जातं आणि एके दिवशी तो कागद खरा होतो. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याने हे ओळखलं. सावकारीपोटी खरेदीखताने गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार त्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला. म्हणजे सरकारनेच कायद्याने मान्य केलं, की दोन सह्या, दोन साक्षीदार आणि मुद्रांक असूनही ती ‘विक्री’ विक्री नसते. ती कर्जाने घातलेला बुरखा असते. शेत परत फिरवता येतं. किडनीचं खरेदीखत रद्द करून ती परत कशी बसवणार?

याहून जुनं पान निजामाच्या अमलातलं आहे. भोकर तेव्हा हैदराबाद संस्थानात, तेलुगू मुलखाच्या उंबऱ्यावर. संस्थानात, मुख्यतः तेलंगणाच्या बाजूला, ‘भागेला’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी, दुखण्यासाठी भूमिहीन माणूस देशमुखाकडून पैसे उचलायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं कबूल करायचा. ते सहसा फिटत नसत. कर्ज मुलाकडे जायचं आणि मुलगा शेतावर. तो राजीखुशीने बांधला जायचा, अंगठा त्याचाच असायचा. निजाम सरकारने १९३६मध्ये भागेला करारांना आवर घालणारा नियम काढला. त्याने फार काही हललं नाही. स्वातंत्र्यानंतर वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला तो १९७६ साली, आणि देशभरातल्या अशा पद्धतींची जी यादी त्यात आहे, तिच्यात भागेला हे नाव आहे.

त्या कायद्याने दोन कामं एकदम केली. माणूस राजी असला तरी असा करार रद्द, हे एक. आणि ज्या कर्जापायी तो बांधला गेला, ते कर्जही संपलं, हे दुसरं. सावकाराला ते मागायचा हक्कच उरला नाही. अंमलबजावणीची रड वेगळी, पण कायदा लिहिणाऱ्याला दुखणं कुठे आहे ते कळलं होतं. अवयवांचा कायदा यातलं पहिलंच काम करतो. विक्री रद्द, कर्ज तिथंच. पाटी उतरवा आणि घरी जा, घरी सावकार बसलेला आहे.

विक्रीला परवानगी द्या म्हणणारे नेमकं याच ठिकाणी बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की गरिबाकडचे सगळे पर्याय वाईट आहेत, त्यातला कमी वाईट पर्याय तुम्ही हिसकावता आणि त्याला त्याचं रक्षण म्हणता. मद्रासचे सर्जन के. सी. रेड्डी तर त्याआधीपासून ‘बक्षिसी घेऊन दान’ या पद्धतीची बाजू घेत होते. इराणने १९८८पासून सरकारी देखरेखीखाली किडनीला मोबदला द्यायची व्यवस्था चालवली आहे. डायलिसिसच्या रुग्णाला तर हा वादच क्रूर वाटेल. आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चार-चार तास त्या खुर्चीत बसायचं, तेही पहाटेची बस धरून. ज्याच्या घरात देणारं कुणी नाही, त्याला नीतीची चर्चा ऐकायला वेळ नसतो. आणि घरात जी ‘फुकट’ मिळते, ती बहुतेक बायकोची किंवा आईची असते. तिची राजीखुशी समिती विचारते, ती हो म्हणते. त्या होकारालाही आपण फार खोलात जाऊन तपासत नाही.

मग बाजार उघडला तर काय? देणाऱ्यांचा हिशेब २००२मध्ये आला, ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात. चेन्नईतल्या किडनी विकलेल्या ३०५ जणांना भेटून माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी तो मांडला होता. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. हातात सरासरी साधारण हजार डॉलर पडले होते. कर्जापायी विकणाऱ्यांतले तीन-चतुर्थांश अजून कर्जातच होते, कुटुंबाचं उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने घटलं होतं, ८६ टक्के म्हणत होते तब्येत बिघडली, आणि ७९ टक्के म्हणाले, दुसऱ्या कुणाला आम्ही हे सांगणार नाही. यावर परवानगीवाले म्हणतील, तो चोरबाजार होता. कायदेशीर बाजारात पैसे पुरे मिळतील, औषधपाणी होईल. होईलही. पण मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन नव्वदीच्या दशकात तामिळनाडूत हिंडले, तेव्हा त्यांना वेगळीच गोष्ट दिसली. जिथं किडनी विकायची वहिवाट पडली, तिथं सावकार पैसे देताना आणि वसूल करताना किडनी जमेस धरू लागले. ज्याने कधी विकायचा विचारही केला नव्हता, त्याच्याही पोटात आता तारण होतं. बाजार उघडला की नाही विकणाऱ्याचाही भाव ठरतो. चोख पैसे मिळतील या आशेवर मी म्हणूनच फार विसंबत नाही. शेताला चोख भाव मिळाला म्हणून खरेदीखतं थांबल्याचं आपण कुठे पाहिलं?

आणि शरीर गहाण पडायला दरवेळी दलाल लागतोच असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ साली झाली. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. मुकादमाकडून जोडीने उचल घेतलेली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड. इथं अवयव कुणी विकत घेतला नाही. तो काढून टाकला, आणि त्याचे पैसेही बाईनेच भरले.

२०२५च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने पोलिसांना आपली कहाणी सांगितली. दुधाच्या धंद्यासाठी सावकाराकडून लाखभर काढले, ते फुगत ७४ लाखांवर गेले, जमीन गेली, ट्रॅक्टर गेला, आणि शेवटी कंबोडियात जाऊन त्याने किडनी दिली. आठ लाख मिळाले. आता कोलंबोच्या जागी कंबोडिया आहे. ७४ मधून आठ वजा केले की काय उरतं, ते त्याला पोलिसांनी विचारायची गरज नव्हती.

देशातल्या प्राधिकार समितीसमोर असा माणूस गेला असता, तर २०१४च्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागितले गेले असते, म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्या ऐपतीत किती अंतर आहे ते दिसावं. उत्पन्नाचा दाखला भोकरच्या तहसीलमध्येही निघतो; तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, सेतूची फी. खासगी सावकाराचं देणं मात्र त्याच्या वहीत असतं. ती वही समिती मागत नाही, आणि तहसीलमध्ये त्या वहीचा दाखला निघत नाही.